सहा सांध्यांचा हिशेब

रोबोच्या हाताचे माहितीपत्रक उघडले, की वजन आणि पोच यांच्या पाठोपाठ आणखी एक आकडा ठळक छापलेला असतो. युनिव्हर्सल रोबॉट्स या डॅनिश कंपनीच्या यूआर५ई या हाताची पोच ८५० मिलिमीटर आहे आणि त्यापुढे लिहिलेले असते ±०.०३ मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी याच्या दुपटीहून जास्त भरते. वाचणाऱ्याला वाटते, की या हाताला एखाद्या जागेचे मोजमाप दिले की तो अर्ध्या केसाइतक्या फरकाने तिथे जाऊन पोहोचेल. आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला हा अर्थ बरोबर नाही. एकदा शिकवलेल्या जागी हात पुन्हा पुन्हा गेला, तर तो स्वतःच्याच आधीच्या फेऱ्यांपासून किती विखुरतो, एवढे हा आकडा सांगतो. ती जागा आपण मागितलेलीच जागा आहे का, याचे उत्तर त्यात नाही. पहिल्या गुणाला कारखान्यात रिपीटेबिलिटी म्हणतात, दुसऱ्याला अचूकता. मोठ्या औद्योगिक हातांमध्ये या दोहोंतले अंतर दहापट किंवा त्याहूनही जास्त असू शकते: रिपीटेबिलिटी मिलिमीटरच्या दशांशात किंवा त्याहून बारीक, आणि कॅलिब्रेशन न केलेल्या हाताची अचूकता मात्र काही मिलिमीटर.

हा फरक समजायला घरातले घड्याळ पुरेसे आहे. अनेक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे लावतात. घरच्यांना ते ठाऊक असते, सगळे मनातल्या मनात दहा वजा करतात आणि कोणाचीही गाडी चुकत नाही. तेच घड्याळ कधी चार मिनिटे पुढे तर कधी तीन मिनिटे मागे चालू लागले, तर कितीची वजाबाकी करायची हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि सेल उतरत चालल्यामुळे ते दिवसेंदिवस मागे पडत असेल, तर कालची वजाबाकी आज लागू पडत नाही. यंत्राच्या सांध्यातल्या चुकाही याच तीन जातींच्या असतात. एक ठाम, पण आपल्याला अजून न कळलेली. दुसरी दर फेरीला वेगळी येणारी. तिसरी भार, उष्णता आणि झीज यांच्या मागोमाग सरकत जाणारी. पहिलीचा उपाय मोजमापात आहे, दुसरीचा सांध्याच्या रचनेत, तिसरीचा सततच्या देखरेखीत. रोबोचा हात घडवताना पैसा आणि कष्ट वाया जातात, ते मुख्यतः एका जातीच्या चुकीला दुसरीचे औषध दिल्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. ‘सगळेच सांधे आणखी घट्ट करा, सगळेच टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणखी कडक करा’ हा त्या गोंधळाचा सर्वांत महागडा प्रकार. तो महाग का पडतो आणि त्याला पर्याय कोणता, हे हिशेब मांडून पाहायला हवे.

शिकवलेला हात आणि सांगितलेला हात

जॉर्ज डेव्होल या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये रोबोच्या हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ मध्ये ते मंजूर झाले. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात त्या कल्पनेवरचा ‘युनिमेट’ हा रोबो डाय-कास्टिंगच्या मशीनमधून तापलेले भाग उचलू लागला. जोसेफ एंगेलबर्गर यांनी या यंत्राचा उद्योग उभा केला. युनिमेटची स्मृती चुंबकीय ड्रमवर होती. हात एकेका जागी नेऊन उभा करायचा, त्या वेळी सांध्यांचे जे वाचन येईल ते ड्रमवर नोंदवायचे आणि मग यंत्राने तीच वाचने ओळीने गिरवायची, अशी कामाची रीत होती. या रीतीत एक मोठी सोय दडलेली आहे. हाताचा एखादा दुवा ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर लांब निघाला, तरी काही बिघडत नाही. शिकतानाही तोच लांब दुवा होता आणि गिरवतानाही तोच आहे; चूक दोन्हीकडे सारखी असल्याने आपोआप वजा होते. आजही वाहनांच्या कारखान्यांत टीच पेंडंट हातात धरून रोबोला वेल्डिंगचे ठिपके शिकवतात, तेव्हा याच वजाबाकीचा फायदा घेतला जातो. पहिल्या पिढीच्या रोबोंनी अचूकतेचा प्रश्न सोडवला नव्हता. तो प्रश्न पडूच नये अशी कामाची मांडणी त्यांनी केली होती.

ही सोय तीन प्रसंगी संपते. कार्यक्रम संगणकावरच्या आराखड्यातून तयार केला, की जागा शिकवलेली नसते, नुसती सांगितलेली असते. एक रोबो काढून त्याच जातीचा दुसरा बसवला, की शिकणारा हात वेगळा आणि गिरवणारा वेगळा. आणि विमानाच्या पंखावर हजारो छिद्रे पाडायची असतील, तर प्रत्येक छिद्र हाताला धरून शिकवणे परवडत नाही. अशा वेळी ठाम असलेली, पण तोवर झाकून राहिलेली चूक उघडी पडते. ती कोणत्या सांध्यातून किती आली, हे मग विचारावेच लागते.

एक कला आणि दोन मीटर

पंचांग पाहणाऱ्यांना कोनाचे बारीक माप नवे नाही: अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. एक कला कोन ऐकायला नगण्य वाटतो. पण एक मीटर लांबीच्या टोकाला तो ०.२९ मिलिमीटर सरकवतो. आता हिशेबापुरता सहा सांध्यांचा एक कल्पित हात घेऊ. पूर्ण पसरल्यावर बुडाच्या सांध्यापासून हत्याराचे टोक २००० मिलिमीटरवर, खांद्यापासून १८००, कोपरापासून ११००. मनगटाच्या तीन सांध्यांच्या अक्षांपासून ते ३००, ३०० आणि १५० मिलिमीटरवर. प्रत्येक सांध्यात बरोबर एक कला चूक आहे असे धरले, तर टोकाशी अनुक्रमे ०.५८, ०.५२, ०.३२, ०.०९, ०.०९ आणि ०.०४ मिलिमीटर फरक पडतो. चूक सगळीकडे सारखी, पण बुडाच्या चुकीचे वजन शेवटच्या सांध्याच्या तेरापटीहून जास्त. हाताच्या अवस्थेप्रमाणे ही वजने बदलतात. हात आखडला की बुडाचे वजन घटते. कोणत्या अवस्थेत कोणत्या सांध्याचे वजन किती, याचा तक्ता गणितात जेकोबियन या नावाने ओळखला जातो. टॉलरन्सचे वाटप या तक्त्यावरून व्हायला हवे. सगळ्या सांध्यांना समान टॉलरन्स देण्यात वरवर न्याय दिसतो, पण त्यामुळे मनगटावर पैसा उधळला जातो आणि बुडाशी तोकडा पडतो. एक अपवाद इथेच नोंदवायला हवा. हत्यार कोणत्या दिशेला रोखले आहे हा प्रश्न असेल, तर प्रत्येक सांध्याची एक कला एका कलेचीच असते, अंतराने ती वाढत नाही. म्हणून तिरके चालणार नाही अशा कामात मनगटाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

वजन कळल्यावर लगेच कडक टॉलरन्सकडे धावण्याचीही गरज नसते. मशीन शॉपमध्ये रोजच्या वापरातली एच७–जी६ ही फिट पाहा. ५० मिलिमीटरच्या बोअरला एच७ म्हणजे शून्य ते अधिक २५ मायक्रॉन, आणि शाफ्टला जी६ म्हणजे उणे ९ ते उणे २५ मायक्रॉन. दोन्ही भाग तपासणीत पास झाले, तरी त्यांच्यातली मोकळीक ९ मायक्रॉनपासून ५० मायक्रॉनपर्यंत कुठेही असू शकते. असा शाफ्ट १०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन बुशांमध्ये बसवला आणि मोकळीक ५० मायक्रॉन निघाली, तर तो दोन्ही बाजूंना इतका कलू शकतो, की दोन मीटरवरचे टोक मधल्या जागेपासून एक मिलिमीटर इकडे किंवा एक मिलिमीटर तिकडे जाईल. हे निम्म्यावर आणायचे तर एक मार्ग असा, की बोअर आणि शाफ्ट दोन्ही अधिक महाग प्रक्रियेने बनवून मोकळीक निम्मी करायची. दुसरा मार्ग बुशांमधले अंतर २०० मिलिमीटर करण्याचा. त्यात एकाही मायक्रॉनचा टॉलरन्स बदलत नाही. बदलते ती फक्त भूमिती. तिसरा मार्ग बेअरिंगच्या जोडीला एकमेकांवर दाबून बसवण्याचा, म्हणजे प्रीलोडचा. त्यात मोकळीक शिल्लकच राहत नाही, आणि म्हणून औद्योगिक हातांत हाच मार्ग रूढ आहे.

सांधा आणखी घट्ट करत गेलो तर काय बिघडेल, असे कोणी विचारील. घट्टपणाबरोबर घर्षण वाढते. घर्षण वाढलेला सांधा सुरुवातीला हलत नाही आणि मग झटक्याने सुटतो. हाताला केसभर सरकायचे असते तेव्हा तो एकतर जागीच राहतो किंवा केसापेक्षा जास्त जातो. मोकळीक घालवण्याच्या नादात दर फेरीला वेगळी येणारी, मोजून वजा न करता येणारी नवी चूक आपणच जन्माला घालतो. प्रीलोड किती द्यायचा, हा म्हणूनच मोकळीक आणि घर्षण यांच्यातला तोल असतो.

बेरीज कशी करायची

आता सहा चुकांची बेरीज. सरळ बेरीज केली तर वरच्या हातात १.६४ मिलिमीटर येते. हा अगदी टोकाचा आकडा झाला. बुडाची चूक आडव्या दिशेने आणि खांदा-कोपराची उभ्या दिशेने जात असल्याने प्रत्यक्षात तो याहून कमीच भरतो. शिवाय सहाही सांधे एकाच वेळी आपापल्या टोकाला आणि एकाच बाजूला असण्याचा योग किती दुर्मीळ आहे ते पाहा. एकेका सांध्याबाबत ती शक्यता शंभरात एक धरली आणि सांधे एकमेकांपासून स्वतंत्र असले, तर सहाही सांध्यांची मिळून ती एक लाख कोटीत एक होते. म्हणून स्वतंत्र चुकांसाठी वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढतात. त्या रीतीने उत्तर येते ०.८५ मिलिमीटर. ही रीत एक गोष्ट ठळकपणे दाखवते. मनगटाच्या तिन्ही सांध्यांची चूक निम्मी केली, तर एकूण चूक ०.८५ वरून जेमतेम ०.८४५ वर येते. तोच प्रयत्न बुडावर आणि खांद्यावर केला, तर ती ०.५२ वर येते. तीन सांधे सुधारून हाती काहीच लागत नाही आणि दोन सांधे सुधारून चाळीस टक्के चूक घटते. यंत्र उघडण्याआधी, कागदावर, एवढे कळू शकते.

या वर्गमुळावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. वर्गमुळाचे गणित चुका स्वतंत्र आहेत या गृहीतावर उभे आहे, आणि कारखान्यात चुका स्वतंत्र नसतात. सहाही सांध्यांची घरे एकाच मशीनवर, एकाच झिजत चाललेल्या टूलने बनली असतील, तर ती सगळी एकाच बाजूला कललेली निघतील. मोटोरोला कंपनीने १९८० च्या दशकात सिक्स सिग्मा पद्धत रूढ केली, तेव्हा हिशेबात प्रक्रियेचा मध्यच दीड सिग्मा (म्हणजे प्रमाण विचलनाच्या दीडपट) सरकू शकतो असे धरून चालण्याचा प्रघात पडला. त्यामागे हाच अनुभव होता. तापमान तर सगळ्या सांध्यांना एकदमच गाठते. ॲल्युमिनिअमचा एक मीटर लांबीचा दुवा दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रॉन वाढतो, पोलादाचा सुमारे १२. ड्रॉइंगवरची मापे आंतरराष्ट्रीय संकेतानुसार २० अंश तापमानाची असतात. मोटारी आणि गिअर तापून दुवा दहा अंशांनी गरम झाला, तर एक मीटर ॲल्युमिनिअम ०.२३ मिलिमीटर वाढते, माहितीपत्रकावरच्या ०.०३ च्या सातपटीहून जास्त. हा आकडा वर्गमुळाखाली ढकलून लहान करता येत नाही. एकाच कारणातून आलेल्या चुकांची बेरीज सरळच करावी लागते. म्हणून वर्गमुळाची रीत टाकून देणे हे या आक्षेपाचे उत्तर नव्हे. बेरजेआधी चुकांची कुळे लावली, कोणत्या चुकांचे मूळ एक आणि कोणत्यांचे वेगळे हे ठरवले, की तिचा योग्य वापर होतो. मोजमापातील अनिश्चितता कशी मांडावी, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. परस्परसंबंध असलेल्या चुकांसाठी वेगळे पद त्या पद्धतीतच दिलेले आहे. आपण घाईत ते पद शून्य धरतो.

धातू आणि गणित

ठाम चुकीचा उपाय मोजमापात आहे, असे वर म्हटले. त्याची पायाभरणी १९५५ मध्ये झाली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जाक डेनाव्हिट आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी सांध्यांच्या साखळीचे वर्णन करण्याची एक लिपी दिली. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचे नाते चार आकड्यांत बसते, दोन लांबीचे आणि दोन कोनाचे. सहा सांध्यांच्या हाताला चोवीस आकडे. ड्रॉइंगवरचे चोवीस आकडे आदर्श हाताचे असतात. कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक हाताचे स्वतःचे चोवीस आकडे असतात आणि ते ड्रॉइंगपेक्षा थोडे वेगळे असतात. हाताच्या टोकाला परावर्तक लावून लेझर ट्रॅकरने अनेक अवस्थांमध्ये टोकाची खरी जागा मोजली, की त्यावरून या विशिष्ट हाताचे आकडे उलट हिशेबाने काढता येतात. मग नियंत्रक ड्रॉइंगवरचा हात चालवत नाही, प्रत्यक्षातला चालवतो. एकही भाग न बदलता मिलिमीटरच्या चुका त्याच्या अंशांवर येतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. घड्याळातून दहा वजा करण्याचा हा प्रगत अवतार आहे.

या लिपीचीच एक अडचण टॉलरन्सबद्दल मोठा धडा देते. बहुतेक हातांत खांद्याचा आणि कोपराचा अक्ष समांतर ठेवलेले असतात. डेनाव्हिट-हार्टेनबर्ग पद्धतीत दोन अक्षांमधला सामाईक लंब शोधावा लागतो. अक्ष तंतोतंत समांतर असतील तर तो कुठेही काढता येतो. पण यंत्रकामात एक अक्ष कलेच्या अंशाने जरी कलला, तरी सामाईक लंबाची जागा एकाच ठरावीक ठिकाणी येते, आणि ते ठिकाण कित्येक मीटर दूरही असू शकते. धातूत बदल नगण्य, कागदावर मात्र आकडे उसळलेले. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील समद हयाती यांनी १९८३ मध्ये जवळपास समांतर अक्षांसाठी वेगळा कोन घेऊन यावर तोड काढली. लहान चूक लहानच दिसेल अशी भाषा आधी निवडली नाही, तर मोजमाप कितीही बारीक असले तरी हिशेब फसतो, हे या घटनेतून शिकायचे.

कॅलिब्रेशनची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. दर फेरीला वेगळी येणारी चूक त्यातून जात नाही. कॅलिब्रेशन अचूकतेला रिपीटेबिलिटीच्या जवळ आणून सोडते, पलीकडे नेत नाही. यातून खर्चाचे तत्त्व निघते: रिपीटेबिलिटी धातूतून विकत घ्यावी, अचूकता गणितातून मिळवावी. दुव्याची लांबी १००० मिलिमीटर आहे की १०००.४, याची फार काळजी करू नये. ती एकदा मोजता येते. त्या दुव्याच्या टोकाचे बेअरिंग मात्र आज जिथे आहे तिथेच उद्याही राहिले पाहिजे.

धातूतून विकत घेण्यातही सौदे असतात. गिअरच्या दात्यांमध्ये मोकळीक, म्हणजे प्ले असला, की टोकाची जागा हात कोणत्या बाजूने आला यावर ठरते. जुन्या लेथवर काम करणारा टर्नर हँडल थोडे मागे घेऊन पुन्हा पुढे आणतो आणि नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. प्ले तसाच राहतो, पण त्याचा त्रास जातो. सहा सांध्यांच्या हाताला मात्र सगळे सांधे नेहमी एकाच बाजूने आणणे जमत नाही, गुरुत्वाकर्षणही अवस्थेप्रमाणे बाजू बदलते. म्हणून वॉल्टन मसर या अमेरिकन अभियंत्याने १९५० च्या दशकात शोधलेला हार्मोनिक ड्राइव्ह रोबोच्या सांध्यांत मोलाचा ठरला. पातळ पोलादी पेल्यासारखा एक दातेरी भाग लंबगोल फिरकीने वाकवून बाहेरच्या कड्यात फिरवायचा. पेल्याला २०० दाते आणि कड्याला २०२ असले, तर शंभरास एक असे प्रमाण एकाच टप्प्यात मिळते आणि प्ले जवळजवळ नाहीसा होतो. पण जो पेला वाकू शकतो म्हणून हे जमते, तोच पेला भाराखाली पिळलाही जातो. प्ले गेला, त्या जागी लवचिकता आली. तरीही सौदा फायद्याचा आहे. प्ले किती आणि कोणत्या बाजूला हे त्या क्षणी सांगता येत नाही; लवचिकतेने येणारी वाकण भारावरून बरीचशी सांगता येते. एका जातीची चूक देऊन अधिक कळण्याजोग्या जातीची चूक घेणे ही डिझाइनमधली मोठी कामगिरी आहे.

सामावून घेणारी रचना

इतके करूनही काही चूक उरतेच. ती टोकाशी, जिथे काम होते तिथे, सामावून घेता येते. बेअरिंगमध्ये शाफ्ट घालायचा असेल आणि मोकळीक काही मायक्रॉनचीच असेल, तर त्याहून कितीतरी जास्त चुकणारा रोबो ते काम कसे करील? अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात डॅनिएल व्हिटनी आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. शाफ्ट अडकतो तो त्याला लागणाऱ्या बलांच्या दिशेमुळे, हे त्यांनी दाखवले. पकड आणि मनगट यांच्यामध्ये रबर-धातूच्या थरांची अशी जोडणी बसवायची, की तिचे लवण्याचे केंद्र शाफ्टच्या टोकाशी यावे. मग कडेने धक्का बसला तर शाफ्ट न कलता बाजूला सरकतो, आणि पीळ बसला तर न सरकता सरळ होतो. छिद्राच्या तोंडाचा उतार त्याला आत घेतो. ही जोडणी रिमोट सेंटर कम्प्लायन्स म्हणून प्रसिद्ध झाली. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठाचे हिरोशी माकिनो यांनी हाच विचार अख्ख्या हातात उतरवला. त्यांचा स्कारा हात आडव्या दिशेत थोडा लवतो आणि उभ्या दिशेत ताठ राहतो, कारण जुळणीच्या कामात भाग वरून खाली दाबायचे असतात आणि आडवी चूक भागांनी आपापसांत सावरायची असते. लवचिकता नेहमीच दोष असते, हा समज या दोन रचनांनी मोडला.

अंतराळातला कॅनडार्म याच विचाराचे भव्य उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये स्पेस शटलच्या दुसऱ्या उड्डाणात तो प्रथम गेला. त्याची लांबी सुमारे १५ मीटर होती. खांद्यावरची एक कला टोकाशी साडेचार मिलिमीटरच्या आसपास होते. इतक्या लांब, हलक्या हाताचे सगळे सांधे मायक्रॉनच्या कसोटीला उतरवण्याचा हट्ट धरला असता, तर तो उडालाच नसता. त्याऐवजी टोकाला तीन तारांचा फास दिला. पकडायच्या वस्तूवरची दांडी त्या तोंडाच्या आत कुठेही आली, की तारा आवळून तिला मध्यावर ओढून घेत. उरलेली चूक कॅमेऱ्यात पाहून अंतराळवीर सावरत असे. किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या हॉट सेलमध्येही हेच तत्त्व दिसते. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वापरले जाणारे मास्टर-स्लेव्ह हात काचेच्या जाड खिडकीआडून माणूस चालवतो. आतला हात नेमका किती चुकला हे मोजावे लागत नाही, कारण चालकाचा डोळा आणि मनगटाला जाणवणारा दाब चूक जिथल्या तिथे भरून काढतात.

यावरूनच आजचा सर्वांत बलवान आक्षेप निघतो. डोळा चूक भरून काढत असेल, तर कॅमेरा, बलमापक आणि शिकणारे सॉफ्टवेअर स्वस्त होत असताना सांध्यांच्या टॉलरन्सवर डोके कशाला शिणवायचे? ढिला हात बनवावा आणि उरलेले संगणकावर सोडावे. या म्हणण्यात तथ्य आहे. सरकत जाणाऱ्या, हळू बदलणाऱ्या चुकीवर देखरेख हाच खरा उपाय आहे आणि तो दिवसेंदिवस सोपा होतो आहे. पण तीन गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. कॅमेऱ्याचे मोजमाप स्वतःच अनिश्चित असते, आणि कॅमेरा हाताशी कसा जोडला आहे हे ठरवताना आणखी एक कॅलिब्रेशन करावे लागते. स्पर्शाच्या नेमक्या क्षणी हत्यार आणि भाग एकमेकांना झाकतात, म्हणजे सर्वाधिक गरज असते तेव्हा डोळा आंधळा होतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत कठीण: सांध्यात प्ले असेल तर दुरुस्तीची आज्ञाच प्लेमध्ये हरवते. मोटार फिरते, टोक हलत नाही; आज्ञा वाढवली की टोक एकदम पलीकडे जाते; मग उलटी आज्ञा, पुन्हा तेच, आणि हात एका जागेभोवती थरथरत राहतो. दिसलेली चूक सुधारण्यासाठी आज्ञा पाळणारा सांधा लागतो. सेन्सर ठाम आणि सरकत्या चुका भरून काढील; दर फेरीला वेगळी येणारी चूक कमी करण्याची जबाबदारी धातूवरच राहते.

दुसरा आक्षेप जिवाच्या जोखमीचा. शस्त्रक्रियेचा रोबो किंवा माणसाशेजारी काम करणारा हात ‘बहुधा एवढाच चुकेल’ या भरवशावर कसा सोडायचा? सोडू नयेच. पण इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. हात किती चुकेल हा एक, आणि चुकला तर किती इजा करू शकेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर संभाव्यतेने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर मात्र सर्वांत वाईट शक्यता धरूनच द्यायचे: गतीवर मर्यादा, बलावर मर्यादा, यांत्रिक अडसर, वीज गेली तर आपोआप लागणारा ब्रेक. सुरक्षेसाठी प्रत्येक सांध्याचा टॉलरन्स कडक केला, तर हात महाग होतो, पण त्याने एखाद्याला धडक दिली तर बसणारा मार तसूभरही कमी होत नाही.

ड्रॉइंगवर कोणी काय लिहायचे

औद्योगिक रोबोंच्या कसोट्या ठरवणारे आयएसओ ९२८३ हे मानक १९९८ सालचे आहे. त्यात रिपीटेबिलिटीसाठी पाच जागा ठरवलेल्या आहेत. प्रत्येक जागी तीस वेळा जायचे, विखुरलेल्या बिंदूंचे मध्यापासूनचे सरासरी अंतर काढायचे आणि त्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवायची. या चाचणीत हात प्रत्येक जागी एकाच दिशेने येतो, त्यामुळे प्लेचा परिणाम बराचसा झाकला जातो. वेगवेगळ्या दिशांनी येताना पडणारा फरक, सांगितलेल्या जागेपासूनची चूक, आणि हात तापत जाताना काही तासांत होणारी सरकण या कसोट्याही त्याच मानकात आहेत. माहितीपत्रकावर मात्र बहुधा पहिलाच आकडा छापला जातो, कारण तो सर्वांत देखणा असतो. रोबो विकत घेणाऱ्या लहान कारखानदाराने बाकीचे तीन आकडे मागायला हवेत. शिकवून गिरवण्याचे काम असेल तर पहिला आकडा पुरतो. आराखड्यावरून काम करायचे असेल तर तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

कॅलिब्रेशन आज केले तरी उद्याची टक्कर, वर्षभराची झीज आणि बदललेला पट्टा ते शिळे करतात, हेही खरे. म्हणून कॅलिब्रेशनला तारीख हवी, आणि मध्ये मध्ये एखाद्या ठरलेल्या खुणेवर टोक टेकवून ते अजून ताजे आहे का हे पाहण्याची शिस्त हवी. घड्याळ पुढे लावणाऱ्या घरातही अधूनमधून कोणीतरी खरी वेळ तपासतेच.

पुण्याजवळ भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणारी असंख्य लहान वर्कशॉप आहेत. त्यांच्याकडे येणारे ड्रॉइंग म्हणजे डिझायनरने त्यांना लिहिलेले पत्रच असते. त्या पत्रात प्रत्येक मापापुढे सरसकट ±०.०१ लिहिले असेल, तर ग्राइंडिंगचा खर्च वाढतो, चांगले भाग नापास होतात आणि ज्या एका बोअरवर खरोखर सगळे अवलंबून आहे, ते बोअर इतरांच्या गर्दीत हरवून जाते. असे ड्रॉइंग काळजीपूर्वक केलेले दिसते, पण कोणते माप महत्त्वाचे हे न ठरवण्याचा आळस त्यात असतो, आणि त्या आळसाची किंमत मशीनवर उभा असलेला माणूस मोजतो. उलट ज्याने सांध्यांची वजने काढली, चुकांची कुळे लावली, काय मोजून वजा होईल आणि काय लवून सामावेल हे ठरवले, त्याच्या ड्रॉइंगवर दोन-तीनच मापे कडक असतात आणि बाकीच्यांना निःशंकपणे मोकळीक दिलेली असते. कडक आकडा कोणालाही लिहिता येतो. ढील कुठे द्यायची हे ठरवायला मात्र अख्खे यंत्र समजावे लागते.